मलकापूरची अर्धी काच

अजिंक्यताऱ्याचे मी अकरा फोटो काढले, आणि त्या अकरांतल्या एकाही फोटोत अजिंक्यतारा नाही. किल्ल्याच्या जागी करड्या रंगाचा एक फुगवटा आहे. घरी परतल्यावर मी ते फोटो मोठ्या उमेदीनं टेबलावर मांडले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एक उचलून उजेडात धरला आणि विचारलं, "ही म्हैस कुणाची?"

तेव्हा ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांनी माझ्या फोटोंवर विसंबू नये. मी सांगतो ते ऐकावं, कारण दाखवण्यासारखं माझ्या हातात काही उरलेलं नाही. सगळ्या प्रवासात एकच फोटो खरा निघाला, आणि तो माझ्याकडे नाही. ज्या पितळी भिंगातून तो काढला ते भिंगही माझ्याकडे नाही. भिंगाचं नळकांडं तेवढं आहे. त्यात सध्या आमच्याकडे लाटणं ठेवतात.

पंच्याण्णव साल सरत आलं होतं. पुण्यात आमच्या फोटोच्या कट्ट्यावरचे मित्र आपोआप फोकस होणारे कॅमेरे गळ्यात घालून मिरवू लागले होते. बटण अर्धं दाबलं की आतून डास गुणगुणल्यासारखा आवाज यायचा आणि चित्र स्पष्ट. मला त्यात काही राम वाटेना. हातानं कडी फिरवावी, चित्र जरा पुढे जाऊ द्यावं, जरा मागे आणावं, आणि एका क्षणी समोरच्या माणसाची पापणी केसाकेसानं उभी राहावी, त्यात जी गंमत आहे ती डासाला कशी कळणार? म्हणून मी जुन्या बाजारातल्या गोणपाटांवरून भिंगं उचलायचो. कुणाला बुरशी लागलेली, कुणाची कडी अडकलेली. घरी मत असं होतं की चष्मेवाल्याकडे नसतील इतकी भिंगं आमच्या कपाटात आहेत आणि तरी या माणसाला समोरचं दिसत नाही.

त्याच बाजारात मला हे भिंग मिळालं. जुन्या स्टुडिओत तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा असायचा, फोटोवाला मागून काळ्या कापडात डोकं खुपसायचा, तसल्या लाकडी कॅमेऱ्याचं. मनगटाएवढं जाड, पितळी, जडशीळ. सोबत एक झाकण होतं, ते मात्र अर्धं. फुटून अर्धं झालेलं नव्हे. कुणीतरी पद्धतशीर करवतीनं कापून, कानस मारून अर्ध्या चंद्रासारखं केलेलं. आतल्या बाजूला बारीक ब्रशानं लिहिलं होतं, 'सावळाराम फोटोवाले, मलकापूर'.

मी हुशारीनं अनुमान काढलं, की उरलेलं अर्धं झाकण मलकापुरात असणार. आणि आठवड्याची रजा टाकली.

सातारा, मंगळवार

एवढं मोठं भिंग माझ्या छोट्या कॅमेऱ्याला बसवायचं तर मध्ये नळकांडं हवं. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या मेहुण्याच्या ओळखीचे एक लेथवाले होते, शंकरराव. फौजेच्या वर्कशॉपात वीस वर्षं काढून आलेले. त्यांना मी आधीच पत्रानं मापं कळवली होती, आणि त्यांनी एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या करून ठेवल्या होत्या. इतकं देखणं काम, की मला ते भिंगाहून आवडलं.

"माप केसभर इकडचं तिकडं न्हाई," शंकरराव म्हणाले. "तुमी लिवलं तसंच."

मग त्यांनी मोपेडवर मागे बसवून मला गावाबाहेरच्या माळावर नेलं. थंडीतली सकाळ, गवत वाळून सोनेरी झालेलं, आणि समोर किल्ला. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि एकामागून एक फोटो काढत सुटलो.

"धुकं फार आहे हो," मी म्हणालो.

"कुठाय धुकं?"

"किल्ला दिसत नाही नीट."

शंकररावांनी किल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला वरचा टॉवर दिसतोय. टॉवरवरचा कावळा बी दिसतोय. आणा बघू."

त्यांनी कॅमेरा घेतला, किल्ल्यावर धरला, आकाशावर धरला, आणि शेवटी माझ्यावर धरला. बराच वेळ धरला. "किल्ला न्हाई, टॉवर न्हाई," ते म्हणाले. "पण तुमचं नाक लय झकास दिसतंय. माप कशानं घेतलं हुतं?"

मी पिशवीतून लाकडी पट्टी काढून दिली. माझ्या लेकीची शाळेची पट्टी. तिनं पहिली दुसरीत असताना तिचा पहिला सेंटिमीटर चावून खाल्लेला होता, हे मला तेव्हा दिसलं. मी मापं घेतली ती त्या खाल्लेल्या टोकापासून. म्हणजे नळी एक सेंटिमीटर जास्त लांब, आणि नळी लांब म्हणजे भिंगाला जवळचं दिसतं, लांबचं नाही.

शंकररावांनी पट्टी तळहातावर घेऊन उलटसुलट केली. "फौजेत असता तर..."

"तर काय?"

"काय न्हाई. तोफखान्यात घेतलं नसतं, येवढंच."

आम्ही पावलं मोजून पाहिली. चौदा फुटांपर्यंत जग काचेसारखं स्वच्छ, त्यापुढे सगळं पाण्यात. नळी तासून द्यायला शंकरराव तयार होते, पण दुसऱ्या दिवशी वसाहतीची सुट्टी आणि पुढचे दोन दिवस वीज नसणार होती. "शनिवारी या," ते म्हणाले. "तवर जे बघायचं ते जवळ जाऊन बघा."

मलकापूर, बुधवार

मलकापूर कऱ्हाडला इतकं चिकटलेलं आहे की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे रिक्षावाल्यालाही सांगता आलं नाही. सावळाराम फोटोवाले मात्र पहिल्याच पानपट्टीवर कळले. "तात्या व्हय? बुद्धविहाराच्या मागं. पण फोटू न्हाई काढत आता. डोळं गेल्यात."

तात्या ओट्यावर उन्हाला बसले होते. पंच्याहत्तरीचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची राखाडी साय. मी नाव सांगितलं, पुण्याहून आलो म्हटलं, आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. पुढे मला काही बोलावं लागलं नाही. त्यांची बोटं पितळेवरून फिरत फिरत एका जागी थांबली. तिथे एक चीर होती.

"ही तिकाटणं पडलं तवाची," ते म्हणाले. "माझ्या पुतण्यानं भंगारात घातलं ह्ये. त्याला वाटलं नुसतं पितळ हाय."

आतून त्यांच्या सुनेनं गुळाचा चहा आणला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कोपऱ्यात काळ्या फडक्यानं झाकलेला लाकडी कॅमेरा. कॅमेऱ्याचं तोंड उघडं, भिंग नसलेलं. दात काढलेल्या माणसासारखा दिसत होता. मी चहाचा घोट घेतला आणि ज्यासाठी आलो ते विचारलं. "तात्या, या झाकणाचं उरलेलं अर्धं कुठे आहे?"

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आवं पाव्हणं, उरलेलं केलंच न्हाई. ह्ये पुरं हाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. या भागात घरटी एक माणूस फौजेत. नवरा बर्फात, बायको इथे उसात. बायकोला जोडप्यानं फोटो हवा असायचा, आणि जोडपं काही एका वेळी सापडायचं नाही. इतर फोटोवाले दोघांचे वेगळे फोटो काढायचे, कात्रीनं कापून चिकटवायचे आणि त्याचा पुन्हा फोटो काढायचे.

"पण फौजीच्या फोटूला कात्री लावू देत न्हाईत हितल्या बाया," तात्या म्हणाले. "कागद का आसंना, कात्री म्हंजे कात्री. मग मी ह्ये झाकण केलं. दोन खुर्च्या मांडायच्या. बाई एका खुर्चीत. दुसऱ्या खुर्चीच्या बाजूला झाकण. म्हंजे काचेवर अर्धाच फोटू उठतो. ती काच न धुता कपाटात ठेवायची. नवरा सुट्टीवर आला की त्याला दुसऱ्या खुर्चीत बसवायचा, झाकण फिरवायचं, आन् मग धुवायची. एकाच काचेवर दोघं. कात्री न्हाई, डिंक न्हाई."

"आणि दोन्ही वेळेला अंतर सारखं कसं जमायचं?"

तात्यांनी हवेत बोटानं एक लांब रेघ ओढली. "दोरी. एक टोक कॅमेऱ्याला बांधलेलं, दुसरं बाईनं आपल्या हातानं आपल्या नाकाला लावायचं. तिथं गाठ मारायची. तवा काही घरातल्या बाया म्हनायच्या, सावळारामा, लांबनंच काढ, जवळ येऊ नगंस. मी म्हनलं, बरं बाई, दोरीला तर तुमचं काय म्हननं न्हाई?" ते पुन्हा हसले, पण या वेळी ठसका लागण्याइतकं नाही.

मी विचारू नये ते विचारलं. "आणि नवरा आलाच नाही तर?"

"तार आली की धुवायची. अर्धी काच धुवायची ती तार आल्यावरच. तशा दोन धुतल्या मी."

थोड्या वेळानं ते उठले, चाचपडत कपाटापाशी गेले आणि काळ्या कापडात गुंडाळलेली एक चपटी लाकडी चौकट घेऊन आले. वरून दोरी गुंडाळलेली, दोरीला गाठ. "एक ऱ्हायलीय," ते म्हणाले. "हौसाबाई. पाटणच्या पलीकडची. नवरा यशवंता, तवा शिपाई हुता. सव्वीस वर्सं झाली. तार न्हाई आली, माणूस बी न्हाई आला. डोळं गेलं, भिंग गेलं, तसं मी बी कुणाला इचारलं न्हाई. काय म्हनून बोलवू?" त्यांनी भिंग माझ्याकडे नव्हे, पोटाशी धरलं होतं. "भिंग तुमी आणलं. डोळं बी तुमचंच वापरू. यशवंताला तेवढा हुडकून आणा."

अर्ध्या झाकणासाठी आलेला मी अर्ध्या जोडप्याच्या शोधात निघालो. भिंग तात्यांनी दोन दिवसांसाठी मला परत दिलं, पण देताना दोन्ही हातांनी दिलं, पोर दुसऱ्याच्या कडेवर देतात तसं.

पाटण, गुरुवार

कोयनेच्या खोऱ्याबद्दल मी इथे एक पान लिहायला हवं. डोंगर एकामागे एक कसे निळे होत जातात, नदी वळणावर कशी थांबल्यासारखी वाटते, वगैरे. पण माझ्या भिंगाला त्यातलं काही दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर नंतर मलाही नीट आठवेना. त्या दिवशीच्या फोटोंत एका म्हशीचं नाकाड आहे, एका म्हातारबांच्या करदोट्याची गाठ आहे, आणि नाचणीची भाकरी आहे. भाकरीचा फोटो अप्रतिम आला. तिच्यावर पाच बोटांचे ठसे मोजता येतात.

ती भाकरी यशवंत हवालदारांच्या भावजयीची, अक्काताईंची. पाटणहून दीड तास चालून मी त्या वस्तीवर पोचलो तेव्हा अक्काताई अंगणात कुळीथ झोडत होत्या. आमच्याकडे पाहुण्याला आधी काम विचारतात आणि काम पटल्यास बसायला सांगतात. इथे मी तिसऱ्या भाकरीवर आलो तेव्हा कुळथाचं पिठलं वाढता वाढता त्यांनी विचारलं, "बरं, आलासा कशाला?"

मी सांगितलं. त्यांचा हात पातेल्यातच राहिला.

"हौसा गेली की," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली."

मी भाकरी खाली ठेवली.

"खावा, खावा. ती असती तर चौथी वाढली असती." मग त्या आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "ती काच अजून हाय व्हय? मीच गेलते तिच्यासंगं. नवं लुगडं माझं हुतं. परतताना म्हनली, अक्का, अर्धा झाला, अर्धा सुट्टीला."

"आणि हवालदार?"

"त्यो सांगलीला. हळदीच्या गोदामावर राखण करतो. हितं ऱ्हात न्हाई. म्हनतो, भिंती लय बघत्यात माझ्याकडं." त्यांनी घराच्या भिंतीकडे हनुवटी केली. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता, दिरांचा होता, एका बैलजोडीचासुद्धा होता. "हौसाचा एक बी न्हाई. मतदानाच्या कार्डाला फोटू काढायला सरकारी माणसं आली, त्याच्या आदल्या वर्सी गेली ती."

निघताना मी म्हटलं, तुमचा एक फोटो काढतो. त्यांनी पदर सारखा केला, मग विचार बदलला. "माझा नगो. एकदा अर्धा काढला की माणूस वाट बघत बसतंय. कुळथाचा काढा."

कुळथाचा काढला. तोही छान आला आहे.

सांगली, शुक्रवार

सांगलीत हळदीच्या गोदामांच्या आळीत शिरलं की आधी नाक पिवळं होतं, मग डोळे, मग हळूहळू स्वभाव. पोती उतरवणारे हमाल डोक्यापासून पायापर्यंत पिवळे, जणू सगळ्यांचं लग्न आजच आहे. मी तिथे पोचताच सात शिंका दिल्या. एका हमालानं म्हटलं, "नवरदेव आला रं."

गोदामाच्या दारात स्टुलावर एक उंच माणूस बसला होता. बसलेला असूनही उंच. अंगात पिवळी झालेली खाकी, मिशा पांढऱ्या, पाठ काठीसारखी.

"कोण पायजे?"

"यशवंत हवालदार."

"काम?"

मी तोंडानं काही सांगण्याच्या फंदात पडलो नाही. अर्धं झाकण काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं. आतलं नाव वाचलं. मग उठून गोदामाचं दार ओढून घेतलं, कडी घातली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि परत स्टुलावर बसले. मला वाटतं, रडायची वेळ आली तर आधी पहारा नीट करावा अशी शिस्त असावी. पण ते रडले नाहीत.

समोरच्या गाडीवरून त्यांनी भडंग मागवलं. कागदातलं भडंग मध्ये ठेवून आम्ही दोघं बोललो. म्हणजे ते बोलले, मी शेंगदाणे शोधले.

"पयल्या सुट्टीला भात कापायचा हुता," ते म्हणाले. "दुसऱ्या सुट्टीला ती बाळंतपणाला म्हायेरी. पोरगं काय ऱ्हायलं न्हाई. मग लडाई लागली. मग एक सुट्टी पावसात गेली, पाटणची यष्टीच बंद. हर टायमाला ती म्हनायची, तात्याकडं जायाचं नव्हं? मी म्हनायचो, फुडच्या सुट्टीला." त्यांनी एक मिरची वेचून बाजूला ठेवली. "मग पेन्शन घिऊन घरीच आलो. ती एकदा म्हनली, आता जाऊ. मी म्हनलं, आता दोघं बी हितंच हाय, फोटू कशाला? तिला बी पटलं. हासली. मग न्हाई कवा इषय काढला."

हमाल पोती मोजत होते. हवालदारांनी आवाज खाली आणला.

"आता डोळं मिटलं की तिचा आवाज येतो. हाक येती. तोंड येत न्हाई. नाक येतंय, कपाळ येतंय, पण समदं एका जाग्याला येत न्हाई." त्यांनी भडंगाचा कागद माझ्याकडे सरकवला. "त्या काचंवर तोंड दिसंल का तिचं?"

मी भिंगांचा जाणकार. मी शास्त्रशुद्ध उत्तर दिलं. "दिसेल बहुधा."

"बहुधा म्हंजे?"

म्हणजे सव्वीस वर्षांत काच आतल्या आत मरूनही गेलेली असेल. हे मी त्यांना सांगितलं नाही. मी भडंग संपवलं.

पुन्हा मलकापूर, शनिवार

शनिवारी शंकररावांकडे नळी तासायला जायचं होतं. गेलो नाही. सकाळी मलकापूरला तात्यांच्या घरी भिंग नळीतून सोडवलं आणि त्यांच्या लाकडी कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवलं. एका वळशात बसलं. तात्यांनी हात लावून पाहिलं आणि हात मागे घेतला.

कॅमेऱ्याच्या कातडी भात्याला उंदरांनी भोकं पाडली होती, ती मी छत्रीच्या कापडानं आणि चिकटपट्टीनं बुजवली. मागच्या खोलीत काळा पडदा लावला, दोन लाकडी खुर्च्या मांडल्या. तात्यांनी जागा पावलांनी मोजून दिली, कारण ती त्यांच्या पायांना पाठ होती.

दहा वाजता ठरल्याप्रमाणे हवालदार आले. काळा कोट, पांढरंशुभ्र धोतर, गुलाबी फेटा, छातीवर तीन पदकं. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास.

तात्यांनी त्यांना समोर बसवून साफ सांगितलं. "यशवंता, ऐक. काच आत्ता अशीच धुतली तर बाई मिळंल. तुझ्याशिवाय मिळंल, पन मिळंल. तू बसलास आन् ह्या पाव्हण्यानं नीट केलं, तर दोघं मिळत्याल. ह्येनं घाण केली तर कुणीच न्हाई. काच एकच हाय. आन् पाव्हण्याचं किल्ल्याचं ऐकलं न्हवं तू?"

किल्ल्याचं मीच दोघांना सांगितलं होतं, तात्यांना चहा पिताना आणि यांना भडंग खाताना, करमणूक म्हणून.

हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं नव्या रंगरुटाकडे पाहत असतील. "धुवायची ती तार आल्यावर नव्हं?" ते तात्यांना म्हणाले. "माझी तार कुठं आलीय? बसतो मी."

तात्या म्हणाले, "बाई बसली ती कॅमेऱ्याच्या उजव्या हाताच्या खुर्चीत. तू डाव्या हाताच्या. झाकण उजव्या बाजूला." हे त्यांनी मला दोनदा घोकून दाखवायला लावलं आणि काच धुवायचं औषध कालवायला ते सुनेला घेऊन पडवीत गेले.

मी दोरी सोडली. एक टोक कॅमेऱ्याला बांधलं, दुसरं हवालदारांच्या हातात दिलं आणि म्हटलं, गाठ नाकाला लावा.

"हीच दोरी का?"

"हीच."

त्यांनी गाठ नाकाला लावली. मी काळ्या कापडात शिरून चित्र स्पष्ट केलं, बाहेर आलो, म्हटलं, सोडा आता. त्यांनी सोडली नाही. गाठ नाकापाशी तशीच धरून ते बसले होते, श्वास आत घेत. सव्वीस वर्षांनी सुतळीला कसला वास राहतो? मी कॅमेऱ्याचा एक स्क्रू उगाच सैल करून पुन्हा आवळला.

आता माझं पाहा. या जुन्या कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर चित्र उलटं दिसतं. वरचं खाली, डावं उजवीकडे. हे मला माहीत होतं, आणि माहीत असणं हाच माझा घात. कापडातून पाहिलं तर हवालदार उजवीकडे. मनात म्हटलं, तात्या डावीकडे म्हणाले होते. उलटं झालं. सुलटं केलं पाहिजे. मी डोकं बाहेर काढलं आणि म्हटलं, "हवालदार, जरा त्या खुर्चीत बसा."

ते उठले, मग थांबले. "बायको डाव्या अंगाला आसती नव्हं? म्हंजे मी ह्याच खुर्चीत नको का?"

मी त्यांना प्रकाशकिरणांविषयी दोन मिनिटं समजावलं. भिंगातून जाताना ते एकमेकांना कसे छेद देतात ते हातांनी करून दाखवलं. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी आयुष्यभर याहून वाईट हुकूम पाळले असणार. ते दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. आणि काम करायचं तर पुरतं करावं, म्हणून मी झाकणही फिरवलं.

पूर्ण झाकण नव्हतंच. मी माझी माकडटोपी भिंगावर घातली, हौसाबाईंच्या काचेची चौकट कॅमेऱ्याच्या मागे सरकवली, उजेड अडवणारी तिची फळी वर ओढली, म्हटलं, हलू नका, आणि टोपी काढून चार अंक मोजून परत घातली. हवालदार पुतळ्यासारखे होते. मोजताना माझाच आवाज हलला.

औषधात काच मी आणि तात्यांनी मिळून धुतली, न्हाणीघराला गोधड्या लावून, लाल बल्बच्या उजेडात. तात्यांची बोटं तबक हलवत होती, माझे डोळे काचेवर. हळूहळू काळे डाग उमटले. एका अर्ध्यात दाटीवाटीनं काहीतरी येत होतं. दुसरा अर्धा कोराच. मी वाट पाहिली. कोराच. आणि मग तात्यांची शिकवणी, हवालदारांचा प्रश्न आणि माझे प्रकाशकिरण, तिन्ही एकदम मला छेदून गेले. एकदाच उलटं होतं ते मी दुसऱ्यांदा उलटं केलं होतं. हवालदारांना मी तिच्याच खुर्चीत बसवलं होतं. तिच्यावर.

"आलं का दोघं?" तात्यांनी विचारलं.

"आले," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या पाण्यातून काच निघाली, वाळली. काचेवर सगळंच उलटं, काळ्याचं पांढरं. नुसत्या डोळ्यांना त्यातलं काही उमगेना. कागदावर उतरवेपर्यंत दुपार झाली. तेवढ्या वेळात मी तीनदा एसटीचं वेळापत्रक आठवून पाहिलं. ओला फोटो दोन बोटांत धरून मी बाहेर आलो आणि हवालदारांच्या हातात दिला. उजेडात तो मीही पहिल्यांदाच पाहत होतो.

डावी बाजू काळीभोर. उजव्या बाजूला हवालदार, फेट्यापासून पायापर्यंत ठसठशीत. पण हौसाबाई बुटक्या असाव्यात, आणि हवालदार उंच. तिचं तोंड त्यांच्या तोंडावर आलंच नव्हतं. ते आलं होतं छातीवर. धोतराच्या पांढऱ्यात तिचे हात, लुगडं, सगळं विरून गेलं होतं, पण काळ्या कोटानं काचेवर काहीच उमटवलं नव्हतं, आणि त्या काळ्यात, गळ्याच्या बटणाखाली, पदकांच्या शेजारी, तिचं तोंड जसंच्या तसं होतं. फिकट, पण सगळं एका जागी. कपाळावर आडवं कुंकू, नाकात चमकी, आणि हसू आवरताना ओठ आत घेतलेले.

हवालदार बघत राहिले. फोटोतून एक थेंब त्यांच्या धोतरावर पडला. हायपोचाच होता.

"दिसती का?" तात्यांनी विचारलं.

हवालदारांनी अंगठा उचलला आणि फोटोतल्या स्वतःच्या तोंडावर ठेवला. फेटा गेला, मिशा गेल्या. ती राहिली.

"दिसती," ते म्हणाले.

"आन् तू?"

"हाय की. तिच्या मागं."

तात्यांच्या कपाळाला आठी पडली. "मागं कसा? शेजारच्या खुर्चीत बसवला हुता तुला."

मी म्हणालो, "तात्या, चूक माझी..."

"गप बसा वो तुमी," हवालदार म्हणाले. मग फोटोवरची नजर न काढता तात्यांना म्हणाले, "शेजारची खुर्ची लय लांब हुती, तात्या."

अंगठा त्यांनी काढला नाही.